आवंढा

किंक्रांतीला नवीन काम हाती घेऊ नये म्हणतात. मी नवीन काही करत नव्हते. आदल्या दिवशीच्या उरलेल्या गुळाच्या पोळ्या तव्यावर गरम करत होते. 2023 सालच्या जानेवारीची 16 तारीख, सकाळचे साडेनऊ. ओटा एकदम डावीकडे कलला. ओटा कुठला कलतोय, मीच कलत होते. सावरायला उजवा हात टाकला तो थेट तव्यावर. हात तव्यावर आहे हे मला दिसत होतं, पण भाजत नव्हतं. तळहात टेकून मी तशीच उभी. वास आला तेव्हा मला वाटलं, पोळी करपली. ह्यांनी पाहिलं आणि हात ओढून काढला.

मग उलट्या आणि गरगर. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे पित्त ठरलं. सणाचं खाणं, तूप, गूळ, दुसरं काय असणार! एक इंजेक्शन घेऊन घरी. दुपारी उचक्या लागल्या त्या थांबेनात. जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "कोण एवढी आठवण काढतंय गं?" संध्याकाळी चहाचा घोट घेतला तो नाकावाटे परत आला. आवाज घोगरा, डावी पापणी अर्धी मिटलेली. सिंहगड रस्त्यावरून मुलगी धावत आली आणि आम्ही मोठ्या इस्पितळात गेलो.

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे एमआरआयची फिल्म प्रकाशासमोर धरून डॉक्टर "मेड्युला" म्हणाले तेव्हा मला पाठ्यपुस्तकातला शब्द आठवला, मस्तिष्कपुच्छ. मेंदूचं शेवटचं टोक, जिथून खाली मज्जारज्जू सुरू होतो. तिथे डाव्या बाजूला वाटाण्याएवढ्या जागेचा रक्तपुरवठा बंद पडला होता. 1895 मध्ये आडोल्फ वॉलेनबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी असा रोगी वर्णन करून ठेवला, म्हणून त्याला वॉलेनबर्ग सिंड्रोम म्हणतात. त्याची खूण विचित्र असते. चेहऱ्याची डावी बाजू आणि अंगाची उजवी बाजू, दोन्हींना ऊन-गार कळत नाही, कारण अंगाकडून येणारे मज्जातंतू वर चढताना बाजू बदलतात. तव्यावरच्या हाताचा उलगडा झाला. हातपाय मात्र शाबूत. बोलता येत होतं, समजत होतं. भेटायला येणारे म्हणायचे, थोडक्यात वाचलात.

वाचले होतेच. पण लाळ गिळता येत नव्हती.

दिवसाला माणसाच्या तोंडात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती कुठे जाते याचा विचार मी साठ वर्षांत केला नव्हता. आता ती कुठेच जात नव्हती. ह्यांनी जुने पंचे फाडून त्यांचे तुकडे केले होते. एक तुकडा तोंडाशी, एक उशाशी, चार भिजलेले बादलीत. भरल्या घरात, चारचौघांसमोर, सतत थुंकत बसायचं. रडू आलं की आपण आवंढा गिळतो ना, तोही गिळता येईना. रडू नाकातोंडातून वाहत राहायचं.

नाकातून पोटात नळी घातली. तिला राइल्स ट्यूब म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी राइल नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी ती वापरात आणली. दर दोन-अडीच तासांनी पंचेचाळीस अंशांत बसवून मोठ्या सिरिंजने दोनशे मिली काहीतरी: मुगाचं कढण, शहाळ्याचं पाणी, दूध, गाळलेलं ताक. मलमलीच्या फडक्यातून गाळल्याशिवाय काही द्यायचं नाही, नाहीतर नळी तुंबते. पोट भरायचं, तोंड मात्र उपाशी. आणि तहान! शरीराला पाणी मिळत होतं, लघवी नीट होत होती, पण जिभेला ते मान्य नव्हतं. खाटेवरून नर्सच्या टेबलावरची पाण्याची बाटली दिसायची. मी तिच्याकडे बघत झोपायची आणि तिच्याकडे बघत उठायची.

चौथ्या दिवशी शेजारच्या वहिनी देवळातून तीर्थ घेऊन आल्या. पळीभर पाणी. "पळीभरानं काय होतंय?" कुणाला नाही म्हणवलं नाही, मला तर मुळीच नाही. मी ते तोंडात घेतलं. ठसका लागला नाही, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. दोन दिवसांनी थंडी वाजून ताप आला. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. ठसका न लागणं हीच वाईट खूण होती. घशाची जाण गेली की चुकीच्या नळीत गेलेल्या पाण्याची वर्दी मेंदूला पोचतच नाही. त्यानंतर खाटेच्या डोक्याशी कागद चिकटवला गेला, "तोंडाने काहीही देऊ नये". वहिनी आजतागायत ते मनाला लावून घेतात.

त्यांची बाजू पहिल्यांदा घेतली ती आमच्या स्पीच थेरपिस्टने. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ह्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "हिला बोलता येतंय, स्पीच थेरपिस्ट कशाला?" हा प्रश्न तिला रोज ऐकावा लागत असणार. पाठीला सॅक, हातात हेल्मेट, वय जेमतेम सव्वीस. धनकवडीच्या भारती विद्यापीठात शिकलेली. बोलायला जी जीभ, जो टाळू, जी स्वरयंत्राची पेटी लागते तीच गिळायलाही लागते, म्हणून हे खातं आमच्याकडे, असं तिनं सांगितलं. मग न्यूमोनियाची गोष्ट ऐकून म्हणाली, "तीर्थाला कशाला दोष देताय काकू? लाळ तर चोवीस तास खाली झिरपतेय. नुसत्या पाण्यापेक्षा अस्वच्छ तोंडातली लाळ वाईट, त्यातले जंतू फुप्फुसात जातात." आणि पहिला उपचार म्हणून तिनं मला दात घासायला लावले. दिवसातून चार वेळा. तोंडाने काही खात नाही तर दात कशाला घासायचे, असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं माझा डावा हात धरला (उजव्या हाताच्या बोटांचा भरवसा नव्हता) आणि चार बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली. तर्जनी हनुवटीखाली मऊ भागावर, मधलं बोट त्याच्या खालच्या हाडावर, उरलेली दोन कंठमण्यावर. "आता बघा." तिनं आवंढा गिळला. पहिल्या बोटाखाली जीभ टणक झाली, मधल्या बोटाखालचं हाड पुढे सरकलं, आणि कंठमणी खालच्या बोटांना ढकलून वर चढला, क्षणभर थांबला, उतरला. सगळा मिळून एक सेकंद. मग तीच बोटं माझ्या गळ्यावर. "गिळा." आमच्या पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं आणि शुक्रवारी पहाटे नळ सोडला की आधी नुसता पाइप थरथरतो, हवा येते, पाणी येत नाही. तसं झालं. कंठमणी थरथरला आणि जागच्या जागी बसला.

एकतीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले, "घास अन्ननलिकेतून जठरात जातो." घास जात नाही, त्याला नेतात. माझ्या डोक्यात चित्र होतं विहिरीत दगड टाकल्यासारखं, घास आपल्या वजनाने खाली पडतो. तसं असतं तर शीर्षासनात गिळता आलं नसतं, आणि ते येतं.

फेब्रुवारीत बेरियमची तपासणी झाली. खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी, त्याचे तीन प्रकार: पातळ, मध्यम, घट्ट. खुर्चीत आडवं तोंड करून बसायचं, एक्स-रेचं यंत्र चालू, आणि चमचाभर तोंडात. नंतर थेरपिस्टने ती फिल्म लॅपटॉपवर मला संथ करून दाखवली. आधी कुणा धडधाकट माणसाची, मग माझी. धडधाकट माणसाचं बघताना मी तीनदा "परत लाव" म्हटलं. जीभ घास मागे लोटते. त्याच वेळी टाळूचा मऊ पडदा वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. हनुवटीखालचे स्नायू हायॉइडला वर आणि पुढे खेचतात. हे नालेच्या आकाराचं हाड शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाला सांधलेलं नाही, स्नायूंच्या झोळीत टांगलेलं आहे, आणि टांगलेलं आहे म्हणूनच असं हलू शकतं. त्याच्यामागोमाग स्वरयंत्राची पेटी वर जाऊन जिभेच्या मुळाखाली दडते, झाकण पडतं, आत स्वरतंतू एकमेकांना चिकटतात, श्वास थांबतो. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक कडं असतं, एरवी कायम घट्ट आवळलेलं. ते सैल होतं, आणि वर जाणारी पेटी त्याला ओढून उघडते. अर्धा सेकंद. घशाच्या भिंती वरून खाली पिळत येतात, वेणीला तेल लावताना आपण मूठ फिरवतो तशा. तीसच्या आसपास स्नायू, मेंदूतून निघणाऱ्या पाच-सहा मज्जातंतूंच्या जोड्या, आणि त्यांचा ताल धरणारी जागा मस्तिष्कपुच्छात, बरोब्बर माझ्या वाटाण्यापाशी. पोटातलं बाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गिळायला लागतं. माझ्या दोन्ही मुलांनी हे माझ्या पोटात शिकून घेतलं होतं, मला पत्ता नव्हता.

माझ्या फिल्ममध्ये डावी भिंत ढिली. हाड सरकत होतं ते नावाला, त्यामुळे खालचं कडं उघडत नव्हतं. पातळ बेरियम सरळ श्वासनलिकेत, आणि मी ढिम्म, खोकला नाही. घट्ट बेरियम घशाच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत साचून राहिलं आणि मग हळूच काठावरून आत ओघळलं. इथे माझा एक गैरसमज मोडला. घट्ट म्हणजे सुरक्षित, असं मी धरून चालले होते. ज्याच्या घशात पिळण्याची ताकद नाही त्याचं घट्टही अडतं. मधलं तेवढं थोडं बरं गेलं.

तपासणीच्या शेवटी ती म्हणाली, "काकू, मान डावीकडे वळवा, पार खांद्याकडे. आणि आता गिळा." डावीकडे मान वळवली की डावी, निकामी वाट दाबून बंद होते आणि घास उजव्या, चालत्या वाटेने जातो. पडद्यावर काळी रेघ अन्ननलिकेत उतरली. सगळी नाही, अर्ध्याहून जास्त. काचेपलीकडून तंत्रज्ञ म्हणाला, "गेलं, गेलं!" कसबा गणपतीचं विसर्जन झाल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं.

पण म्हणून जेवण सुरू झालं नाही. नाकातली नळी काढून पोटावर थेट जठरात जाणारी पेगची नळी बसवली, कारण हे महिन्यांचं काम होतं. आमच्या खोलीत पलीकडे एक काका होते, त्यांचा झटका मोठा होता. ते नळी घेऊन घरी गेले. सगळ्यांचं परत येत नाही, हे थेरपिस्टने मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. तिचा मला तेव्हा राग आला होता, पुढे तिच्या प्रत्येक शब्दावर विश्वास बसला तो त्यामुळेच.

घरी आल्यावर व्यायाम. चटईवर उशीशिवाय उताणं झोपायचं, खांदे जमिनीला टेकलेले ठेवून नुसतं डोकं उचलायचं आणि पायाची बोटं बघायची. मिनिटभर धरून ठेवायचं, मिनिटभर विसावा, असं तीनदा. मग न थांबता तीस वेळा वर-खाली. हे दिवसातून तीनदा, सहा आठवडे. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या रेझा शेकर यांनी 1997 मध्ये हा व्यायाम मांडला, त्यांच्याच नावाने ओळखतात. मानेने डोकं उचलताना हनुवटीखालचे तेच स्नायू राबतात जे गिळताना हाड खेचतात. आमच्यात त्याचं नाव पडलं "जोडवी". "जोडवी झाली का?" हे विचारायचे. पायातली जोडवी दिसली की डोकं पुरेसं उचललं गेलं. पहिल्या दिवशी अकरा सेकंद धरता आलं. हे घड्याळ घेऊन शेजारी बसत आणि पन्नासच्या पुढे आकडे भराभर मोजून मला फसवत, चांगल्या अर्थाने. मान धरली तेव्हा त्याऐवजी रबरी चेंडू आला. तुळशीबागेतून आणलेला लाल चेंडू हनुवटीखाली धरून तो छातीशी दाबायचा. तो सुटला तेव्हा नातू म्हणाला, "आजी, माझा कॅच सुटला तर तू ओरडतेस."

याशिवाय कोरडं गिळणं. जोर लावून गिळायचं, कंठमणी वर गेला की तिथेच धरून ठेवायचा, एक, दोन, मग सोडायचा. बोलायला सोपं. जो स्नायू आयुष्यात हुकमाने हलवला नाही तो हुकमाने अडकवायचा. आरशासमोर मी तासन्‌तास बसले. बर्फात ठेवलेला दातांच्या डॉक्टरांकडचा छोटा आरसा पडजिभेच्या बाजूच्या कमानींवरून फिरवायचा आणि लगेच गिळायचं, गारव्याने घशाला जाग येते म्हणून. डाव्या कमानीला सुरुवातीला काहीच कळत नसे.

आणि एक "ई". सगळ्यात खालच्या सुरापासून सुरू करून आवाज न तोडता वर, आणखी वर, किंचाळीपर्यंत. वरच्या सुराला स्वरयंत्राची पेटी वर चढते, आणि गिळतानाही तिला तिथेच जायचं असतं. मी लहानपणी चार वर्षं गाणं शिकले. बाई सांगायच्या, गळा मोकळा सोड, वर चढताना आवळू नकोस. इथे नेमकं उलट. आपल्या भाषेत गाताना गळा असतो आणि खाताना घसा, जशा काही दोन वेगळ्या जागा. गळा बसत नाही, घसा बसतो. घसा गोड असू शकत नाही, गळा असतो. माझे दोन्ही एकाच दिवशी गेले तेव्हा कळलं की ती एकच पेटी आहे. ज्यांच्या नावाने पुण्यात डिसेंबरात संगीत महोत्सव भरतो त्या सवाई गंधर्वांचंही गाणं पक्षाघाताने थांबलं होतं, हे मी आधी वाचलेलं होतं, पण नुसतं वाचलेलं. दुपारी तीनला माझी "ई" सुरू झाली की वरच्या मजल्यावरचं कुत्रं साथ द्यायचं.

या सगळ्या दिवसांत हे कुठे जेवायचे हे मला बरेच दिवस ठाऊक नव्हतं. एकदा दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं आणि आतून पापड मोडल्याचा आवाज आला. एकच, मग बराच वेळ शांतता. माणूस पापडही घाबरत घाबरत खात होता. मी दार उघडलं. हे ओट्याशी उभे, ताट हातात. म्हणाले, "अगं, नुसताच होता, एक खाल्ला." मी म्हटलं, "बसून जेवा. आणि माझ्यासमोर जेवा. मला वास तरी येऊ दे."

पाडवा 22 मार्चला होता. त्या दिवशी तोंडाने पहिलं खाणं. काय द्यायचं यावर आदल्या संध्याकाळी थेरपिस्ट आणि मी अर्धा तास फोनवर. ती तिच्या तक्त्याच्या भाषेत बोलत होती. जगभर वापरला जाणारा, इड्सी नावाचा, शून्य ते सात अशा आठ पायऱ्यांचा तक्ता आहे. शून्य म्हणजे पाणी, सात म्हणजे आपलं नेहमीचं जेवण. मोजायची रीत इतकी साधी की मला ती शाळेत शिकवता आली असती. दहा मिलीची सिरिंज भरायची, खालचं बोट काढायचं, दहा सेकंदांनी किती उरलं ते बघायचं. एक ते चार मिली उरलं तर पहिली पायरी, चार ते आठ तर दुसरी, आठाच्या वर तिसरी, थेंबही पडला नाही तर चौथी. मला दुसरी ते तिसरी मंजूर होती.

मी म्हटलं, "म्हणजे सरसरीत नको, आळलेलं नको, सैलसर पाहिजे." पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "काकू, थांबा, लिहून घेते." सरसरीत, सैलसर, दाटसर, आळलेलं, गुरगुट्या, मऊसूत, लापशी. पायऱ्या आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून होत्याच, मोजमाप तेवढं नव्हतं. ते आम्ही केलं. ह्यांनी बँकेतल्या सवयीने वहीत रकाने आखले. पातळ ताक, उरलं शून्य. नाचणीचं सत्त्व गरम असताना तीन, कोमट झाल्यावर साडेपाच. सैलसर पिठलं नऊच्या पुढे.

पाडव्याला श्रीखंड ठरलं. आंबट आणि गार दोन्हींनी गिळायची कळ लवकर दाबली जाते म्हणून. पण नुसतं श्रीखंड माझ्या घशात थापलं गेलं असतं. मी खुर्चीत बसून सूचना दिल्या, ह्यांनी चक्का पुरणयंत्रातून काढला, साखर विरघळवली, दुधाने सैल केलं. पीयूषापेक्षा घट्ट, श्रीखंडापेक्षा पातळ. चारोळी नाही, वेलचीचा कणही नाही, केशर भिजवून त्याचं फक्त पाणी. सिरिंजमध्ये साडेसात. दात घासले. ताठ बसले. अर्धा चमचा जिभेवर, मान डावीकडे, हनुवटी किंचित खाली, श्वास धरला, जोर लावून गिळलं. मग लगेच कोरडं गिळलं, खाकरले, परत गिळलं. "आ" म्हणून दाखवलं, आवाज ओला येतोय का ते थेरपिस्टने कान देऊन ऐकलं. ओला नव्हता. पाच अर्धे चमचे, पंचवीस मिनिटं. चव? चव मला आठवतच नाही. लक्ष सगळं मोजण्याकडे होतं. रात्री झोपताना एकदम तोंडात आंबट आलं आणि मग ती आठवली.

एक गोष्ट तिनं मला शिकवली जी मी तिला शिकवायला हवी होती. पेजेचा वाटीभर नीट मोजलेला भाग निम्मा संपेपर्यंत पातळ व्हायचा आणि मला शेवटी शेवटी ठसका लागायचा. (आता ठसका लागू लागला होता, ही सुधारणा.) कारण चमचा. तोंडातला चमचा वाटीत गेला की लाळेतलं द्रव्य पेजेतला स्टार्च फोडतं आणि पेजेला पाणी सुटतं. दहीभाताला उष्टा हात लावू नकोस, पाणी सुटेल, असं आई ओरडायची ते हेच. तेव्हापासून दोन चमचे, एक वाढायचा आणि एक खायचा.

आणि "वर बघ". कुणाला ठसका लागला की आपण टाळूवर थापटतो आणि म्हणतो, वर बघ, वर बघ. माझ्या हातून शाळेत शेकडो पोरांना असं म्हणून झालं असेल. वर बघितलं की श्वासनलिकेची वाट उलट सरळ मोकळी होते. पुढे वाकायचं, खोकू द्यायचं, गप्प राहायचं. जाऊबाईंना हे अजून पटलेलं नाही.

मे महिन्यात आमरस, रेषा गाळून. आमरस म्हणजे ह्या कामाला देवानेच मोजून दिलेला पदार्थ. सिरिंजमध्ये साडेआठ. जूनमध्ये मऊ भात, पण आमटी-भात नाही. पातळ आणि घट्ट एकाच घासात असलं की पातळ पुढे पळतं आणि घास मागे राहतो. त्यामुळे चहात बुडवलेली खारी सगळ्यात शेवटी. पोहे अजूनही दूरच, सुटा दाणा घशात कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. वजन 61 वरून 49 झालं होतं, ते 54 वर आलं. ऑगस्टमध्ये पोटावरची नळी काढली.

पाणी राहिलंच होतं. सगळ्यात साधं ते सगळ्यात अवघड, कारण ते थांबत नाही. जीभ तयार होण्याआधी ते घशात पोचलेलं असतं. जुलैपासून मला एक सवलत मिळाली होती. अमेरिकेतल्या फ्रेझियर नावाच्या पुनर्वसन केंद्राने 1984 पासून पाळलेला नियम आहे: तोंड स्वच्छ घासलेलं असेल, जेवणानंतर अर्धा तास उलटला असेल, तर निवडक रुग्णांना साधं पाणी द्यायला हरकत नाही. थोडं आत गेलंच तर निव्वळ पाणी फुप्फुस शोषून घेतं. हा नियम सगळ्यांना लागू नाही, आणि थेरपिस्टने माझी छाती तपासून घेतल्यावरच परवानगी दिली. चमच्याने पाणी. पहिला चमचा मी गिळला नाही, तोंडातच धरून बसले. ती म्हणाली, "काकू, गिळा की." मी मानेने नाही म्हटलं. अजून थोडा वेळ.

ऋषिपंचमीला दगडूशेठपुढच्या अथर्वशीर्षाला गेले. पहाटे हजारो बायका, त्यात मी मागे कठड्याला धरून. दर वर्षी म्हणायचे, या वर्षी ओठ हलवले. वाक्य लांबलं की श्वास पुरत नाही आणि मध्येच लाळ गिळावी लागते, आणि गिळायचं तर मान वळवावी लागते. घोगरेपणा थोडा उरलाय.

परवा लक्ष्मी रस्त्यावरून येताना पाय दुखले म्हणून अमृततुल्यापाशी थांबले. चहा घरी रोज घेते, बाहेर पहिल्यांदाच. कप डाव्या हातात घेतला, उजव्याला अजून गरम कळत नाही. फुंकर घातली, घोट घेतला आणि मान डावीकडे वळवली. तिथे एक गृहस्थ बशीत चहा ओतून उभे होते. मी त्यांच्याकडे टक लावून, श्वास धरून. ते जरा संकोचले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "माफ करा, मी ओळखलं नाही तुम्हाला."

मी गिळलं, दुसऱ्यांदा कोरडं गिळलं, खाकरले, आणि मग म्हटलं, "मीही नाही ओळखलं."